पालखीचा उतार

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावात हैबती नावाचा एक गवई होता. त्याच्यासारखा गळा त्या मुलखात कुणाला नव्हता, आणि त्याच्याइतकी घाईही कुणाला नव्हती. ही गोष्ट त्याची आहे. हसतखेळत संपणारी नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

गावाच्या वर डोंगर, डोंगराच्या माथ्यावर कडजाई देवीचे देऊळ. देवीची मूर्ती एरवी गावातच असे. चैत्रात एक दिवस तिला पालखीत घालून सकाळी माथ्यावरच्या देवळात नेत आणि दिवस कलला की परत गावात आणत. वाटेवर जागोजाग दगडी चौथरे बांधलेले होते, आणि प्रत्येक चौथरा एकेका स्वराचा होता. पायथ्याला सा, त्याच्या वर रे, मग ग, म, प, ध, नि, आणि देवळाच्या दारात वरचा सा. पालखीपुढे गवई गात चाले. तो ज्या स्वरावर विसावे, त्या स्वराच्या चौथऱ्यावर भोई पालखी टेकवत. तोंडाने कुणी ‘थांबा’ म्हणायचे नाही की ‘उचला’ म्हणायचे नाही. देवीला हुकूम कोण देणार? भोई मान खाली घालून चालत आणि गाणे नेईल तसे जात.

आता यातली खुबी ऐका. वर जाताना पालखी दोन चौथऱ्यांवर थांबत नसे. एक रेचा आणि एक धचा. रेचा चौथरा होता म्हाताऱ्याकोताऱ्यांचा. ज्यांच्याने डोंगर चढवत नाही अशी पांगळी, आजारी, थकलेली माणसे कशीबशी तेवढी चढण चढून तिथे येऊन बसत. धच्या चौथऱ्यावर बसायला कुणीच नसे. तिथे गावातल्या मेलेल्या माणसांच्या नावाचे दगड मांडून ठेवलेले होते. वर जाताना देवी या दोघांनाही ओलांडून जाई. तिला माथ्याची ओढ असते, म्हणत. उतरताना मात्र ती एकही चौथरा सोडत नसे. मेलेल्यांपाशी थांबे. म्हाताऱ्यांपाशी तर सगळ्यात जास्त वेळ थांबे.

म्हणून देवीपुढे गायच्या रागाचा घाटही तसाच होता. चढाला पाच स्वर, उताराला सात. जाणकार लोक याला आरोह आणि अवरोह म्हणतात, गाव आपले चढ आणि उतार म्हणे. जाताना ज्या दोन स्वरांना वगळायचे, येताना त्यांनाच भेटत भेटत यायचे. ते दोन स्वर नुसते लावून भागत नसे. धवर नीच्या अंगाने ओथंबत यावे लागे, रेवर गच्या अंगाने हळूच टेकत यावे लागे. तसे आले तरच तो देवीचा राग. नाहीतर स्वर तेच आणि राग भलताच.

हैबतीची आई गिरजा दरवर्षी रेच्या चौथऱ्यावर बसायची. हैबती लहान असताना ती लाकडाची मोळी घेऊन डोंगरावरून घसरली आणि कमरेतून गेली. त्यानंतर तिने माथ्यावरचे देऊळ कधी पाहिले नाही. सकाळी पालखी तिच्यासमोरून जाई, तेव्हा ती नुसते हात जोडी. दिवस कलता पालखी तिच्यापुढे टेके, तेव्हा ती दांड्यावर कपाळ ठेवी आणि वर्षभर मनात साठवलेले सगळे देवीला सांगून टाकी. नवरा गेल्याचेही तिने तिथेच सांगितले होते. बाईने दुसरीकडे कुठे डोळ्यांतून पाणी काढलेले कुणी पाहिले नाही. वर्षातला तेवढा वेळ तिचा होता.

पालखीपुढे गाणारे गवई होते दामोबुवा. त्यांनी हैबतीचा गळा ऐकला आणि त्याला जवळ बसवले. एका पावसाळ्यात पोराने चढ उचलला. असा उचलला की दामोबुवांनाच क्षणभर आपल्या म्हातारपणाची लाज वाटली. पालखी चढताना त्याने मागून नुसती साथ केली, तरी लोक बुवांना सोडून त्याच्याकडे बघू लागले.

"आता उतार द्या," हैबती म्हणाला.

दामोबुवा म्हणाले, "चढ गळ्यानं येतो. उतार तसा येत नाही. रेच्या चौथऱ्यावर जी माणसं बसतात, त्यांच्या घरी जाऊन बस. म्हातारं माणूस जमिनीवर कसं टेकतं, आधी हात, मग गुडघा, मग सुस्कारा, ते बघ. धच्या चौथऱ्यावर जा. लोक दगडावर पाणी घालतात, तेव्हा पाणी कसं ओघळतं ते बघ. मग माझ्याकडे ये."

हैबती दोनचार म्हाताऱ्यांकडे जाऊन आला. त्यांचे खोकले ऐकून कंटाळला. धच्या चौथऱ्यावर तर तो गेलाच नाही. ऐन तारुण्यात कोण जाऊन बसतो मेलेल्यांच्यात? तो आपला डोंगराच्या कड्यावर उभा राहून वरचा सा लावी आणि तो दरीत कसा घुमतो ते ऐकत राही.

असाच एकदा तो गात असताना त्या मुलखाचा राजा शिकारीला आला होता. राजाने हातातले धनुष्य खाली घेतले. कोण गातो म्हणून चौकशी केली आणि हैबतीला दरबारात यायचे आवतण दिले. झाले! गावाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि तोही चढून बसला.

दामोबुवा एवढेच म्हणाले, "उतार राहिलाय."

"बुवा, राजाला उतार काय कळतोय?"

"राजाला न कळेना. तुला कळायला हवा."

"येईन की परत. डोंगर कुठं पळून जातोय?"

 डोंगर पळून जात नसतो हे खरेच होते. पण डोंगराएवढे आयुष्य बुवांना नव्हते, आणि ते त्यांच्या तोंडून निघाले नाही.

आईने त्याच्या फडक्यात भाकऱ्या बांधल्या. ती म्हणाली, "जा लेकरा, मोठा हो. पर देवी उतरायच्या वक्ताला येत जा. दामोबुवा आता थकल्यात. येक डाव तुज्या गळ्यानं मला देवी भेटव."

"भेटवीन, आये," हैबती म्हणाला. म्हणताना ते त्याच्या मनात होतेही. तेवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

दरबारात हैबती गायला आणि दरबार हलला. तो खालच्या ‘सा’पासून निघे, दोन स्वरांवरून उडी मारी, आणि बघता बघता माथ्यावर जाऊन उभा राही. वरचा सा लागला की माणसे जागची उठत. टाळ्या, वाहवा, फेकलेली फुले. त्या कल्लोळात तो खाली उतरे. उतार त्याने स्वतःच तयार केला होता आणि त्याला त्यात काही अवघड वाटले नव्हते. ज्या वाटेने वर गेलो, तीच वाट उलटी धरायची. नि, प, म, ग, सा. रे नाही, ध नाही. गडबडीत कुणाच्या लक्षात येत नसे. टाळ्या विरायच्या आत तो पायथ्याशी येऊन पुन्हा चढायला लागलेला असे.

दरबारात एक म्हातारा बीनकार, म्हणजे वीणा वाजवणारा, होता. तो टाळ्या वाजवत नसे, म्हणून त्याला ऐकू येई. गाणे संपल्यावर तो एकदा हैबतीजवळ आला.

"बुवा, चढलात एका डोंगरावर आणि उतरलात भलत्याच गावात," तो म्हणाला.

बोलणे टोचून गेले. खरे होते म्हणूनच टोचले. हैबतीने राजाच्या कानाला लागून त्या म्हाताऱ्याची जागा मागच्या खांबाआड करवली. बीनकाराने बीन उचलली आणि निमूट तिकडे जाऊन बसला.  हैबतीला चुकले म्हणून सांगणारे दरबारात आता कुणी उरले नाही.

इकडे गावात वेगळेच घडत होते. हैबती चढावर मोठा झाला हे गावाने पाहिले. मग दामोबुवांकडे गाणे शिकायला येणारी पोरे म्हणू लागली, चढच द्या. उतार शिकायला म्हाताऱ्यांच्या घरी बसायचे, तेवढ्या दिवसांत चार दरबार फिरून होतील. चढ हाती लागला की पोरे गाठोडे बांधत. अर्धा राग घेऊन माणसे चहूकडे गेली आणि सगळा राग एका खोकणाऱ्या म्हाताऱ्यापाशी राहिला. चैत्र आला की दामोबुवा काठी टेकत पालखीपुढे चालत आणि देवीला खाली आणत.

हैबती कुठल्याच चैत्रात आला नाही. कधी राजाकडे पाहुणे असत, कधी त्याचा स्वतःचा सत्कार असे. एकदा चैत्र तोंडावर आला असताना सटवाजी भोई गावाहून पायी चालत दरबारात आला. पालखीचा पुढचा दांडा सटवाजीच्या खांद्यावर असायचा. अंगणात उभ्याउभ्याच त्याने निरोप सांगितला.

"दामोबुवांनी सांगितलंय, माजा दम सरत आलाय. यंदा देवीसंगं शेवटचा उतरतोय. हैबतीला म्हनावं, माज्या मागं चाल. येकदा ऐकलंस तरी तुज्या गळ्यात ऱ्हाईल."

"आणि आयेचा काही निरोप?"

"ती काय बोलली न्हाई. चौथरा झाडून ठिवलाय म्हनली."

 जावे असे हैबतीला खरोखर वाटले. पण पालखीच्याच दिवशी भर दरबारात त्याला राजाच्या उजव्या हाताला बसायचा मान मिळणार होता. या मानासाठी त्याने किती जणांना मागे सारले होते ते त्याचे त्यालाच ठाऊक. तो घटकाभर अंगणात येरझारा घालत राहिला. मग म्हणाला, "बुवांना सांग, पुढच्या वर्षी नक्की येतो."

सटवाजीने त्याच्याकडे पाहिले. "पुढल्या साली उतार असंल का, त्येबी बगा," तो म्हणाला आणि पाणीसुद्धा न घेता माघारी वळला.

त्या वर्षी दामोबुवांनी देवीला शेवटची खाली आणली. धच्या चौथऱ्यावर स्वर असा ओघळला की लोकांना आपापली गेलेली माणसे दिसली. रेच्या चौथऱ्यावर ते इतका वेळ थांबले की भोयांच्या पायांना कळ लागली, पण कुणी हलले नाही. ते मागे वळून वळून पाहत होते. मागे चालायला कुणी नव्हते. पाऊस पडायच्या आधीच बुवा गेले. त्यांच्या नावाचा दगड धच्या चौथऱ्यावर मांडला गेला. हैबतीने दरबारातून भारी शाल पाठवली. ती दगडावर घालावी की घरात ठेवावी हे कुणाला कळेना.

पुढच्या चैत्रात पालखी मुकी उतरली. चढ गाणारे दोघे-तिघे होते, उतार गाणारे कुणी नव्हते. स्वर नाही, म्हणून विसावा नाही. भोई मान खाली घालून चालत राहिले ते थेट गावात. रेच्या चौथऱ्यावरची माणसे ओट्या आणि नारळ हातात धरून तशीच बसून राहिली. पुढेही दरसाल तसेच होत गेले.

अशी काही वर्षे गेली. मग राजाचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. दरबार बंद झाला. राजाने जेवण सोडले. एका दुपारी त्याने हैबतीला आपल्या महालात बोलावले. तिथे गादी नव्हती, फुले नव्हती, दिवाणजी-सरदार कुणी नव्हते. राजा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता.

"हैबतीबुवा, आज वर नेऊ नका. तेवढं बळ नाही. मला हळूहळू खाली घेऊन चला," तो म्हणाला.

हैबतीने डोळे मिटले आणि वरच्या सावरून निघाला. नि, प, म, ग, सा. एवढ्यात संपले. त्याने पुन्हा सुरू केले. पुन्हा संपले. आज टाळ्या नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा उतार त्याला स्वतःला ऐकू आला. दोन ठिकाणी भोके होती आणि त्या भोकांतून गाणे धाडकन खाली पडत होते. धरायला काही नव्हते.

राजाने हात वर करून त्याला थांबवले. "बुवा, खाली आणा म्हटलं होतं. तुम्ही वरून लोटलंत." तो रागावला नव्हता. नुसता उठून आत गेला.

हैबती तसाच नेसत्या वस्त्रानिशी गावाकडे निघाला.

गावात पोचला तो चैत्राचाच महिना होता आणि पालखी दुसऱ्या दिवसावर आली होती. हैबती दारोदार फिरला. कुणाला उतार येतो का? ज्यांनी जन्मभर ऐकला होता ती माणसे होती, पण गळ्यात कुणाच्याच नव्हता. एक म्हातारा म्हणाला, "लई ग्वाड हुता." दुसरा म्हणाला, "बसल्यावानी यायचा." याच्यापुढे कुणाला सांगता येईना. सांगण्याची गोष्टच नव्हती ती.

आई अंथरुणावर होती. केस पांढरे झाले होते आणि डोळ्यांत वडस वाढून दिसेनासे झाले होते. हैबतीचा आवाज ऐकताच ती कोपरावर उठून बसली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला तो उताराचा.

"येतोय न्हवं तुला? मला तोंडानं सांगता यायचा न्हाई, पर कानाला वळखू येतो. दामोबुवा गेल्यापास्नं देवी थांबली न्हाई रं माज्यापाशी. लई सांगायचं साचलंय."

बातमी तोवर गावभर झाली होती. दारात म्हातारीकोतारी जमली होती. कुणी काठीवर, कुणी नातवाच्या खांद्यावर. सगळ्यांच्या तोंडावर एकच आशा. हैबतीला खरे सांगता आले असते. ‘आये, मी शिकलोच नाही,’ एवढे चार शब्द. त्यात माणूस मरत नाही. पण इतकी वर्षे त्याने फक्त वाहवा ऐकली होती. मान खाली घालायची सवयच उरली नव्हती.

"येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रेच्या चौथऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जी घराबाहेर पडत नव्हती तीही माणसे उचलून आणली गेली. गिरजाबाईला खाटेसकट आणून पुढेच बसवले. तिने धुतलेले लुगडे नेसले होते आणि मांडीवर ओटी घेतली होती. सटवाजी आता म्हातारा झाला होता, पण त्याने हट्टाने पुढचा दांडा आपल्याच खांद्यावर घेतला.

चढ असा झाला की बोलायची सोय नाही. हैबतीचा गळा अजून शाबूत होता. दरी भरून गेली. पालखी रे ओलांडून गेली, आई हात जोडून हसली. पालखी ध ओलांडून गेली. माथ्यावर वरचा सा लागला तेव्हा खाली गावातसुद्धा माणसांनी कामे थांबवली. हैबतीला क्षणभर वाटले, जमेल. गळा इतका देतो आहे, तर उतारही देईल.

दिवस कलला. पालखी उचलली गेली. हैबती पुढे झाला आणि त्याने उतरायला सुरुवात केली.

नीवर पालखी टेकली. मग गळा त्याच्या सवयीने गेला तो थेट पवर. भोई गाण्यामागे चालत गेले. धच्या चौथऱ्यावरचे दगड मागे पडले. त्यांत दामोबुवांचा दगड कडेला होता, सकाळीच कुणीतरी त्याला शेंदूर लावला होता. हैबतीला तो दिसला. त्याने मनाशी म्हटले, मेलेल्यांना काय कळतेय, रेला नक्की थांबवीन. पवर पालखी टेकली. मवर टेकली. गवर टेकली. खाली चौथरा दिसू लागला. माणसांनी हात वर केले होते. आई मान उंचावून, कान देऊन बसली होती.

हैबतीने रे लावला. सगळा जीव गोळा करून लावला. दरबारात लावायचा तसा, ताठ, लखलखीत, एका घावात. स्वरात कणभर खोट नव्हती. पण तो गवरून टेकत आला नव्हता. तो बाणासारखा सुटला होता. भोयांची पावले थांबली नाहीत. उलट झपझप पडू लागली. हैबतीने पुन्हा रे लावला, आणखी मोठ्याने. पालखी आणखी वेगाने गेली. त्याच्या आईच्या हाताला पालखीचा वारा तेवढा लागला. पाहता पाहता देवी पायथ्याला आणि तिथून गावात गेली.

पालखी गावातल्या देवळात टेकवून सटवाजी खांदा चोळत बाहेर आला. हैबती त्याच्या अंगावर धावून गेला. "रे लावला होता मी! का थांबला नाहीत?"

सटवाजी म्हणाला, "रे हुता बुवा, पर त्यो उतरायचा न्हवता. आमाला वाटलं, तुमी पुन्यांदा वर निगालात. म्हून पाय उचलला." त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याची म्हातारीही त्याच चौथऱ्यावर बसली होती.

हैबती मागे फिरला. चौथऱ्यावरची माणसे एकेक करून उठून जात होती. त्याला कुणी बोल लावला नाही. बोलले असते तर बरे झाले असते. सगळी गेल्यावर आई एकटीच खाटेवर राहिली. मांडीवर ओटी तशीच होती. उचलून न्यायला आलेल्यांना तिने परत पाठवले होते.

"आये, चल घरी."

"आन देवी?" ती म्हणाली. "आता मगाशी फुडनं गेली ती, वरच चालली हुती न्हवं? गान्यावरनं वळखलं म्या. उतरायचं गानं न्हवतं ते. उतरंल आता, लई येळ न्हाई ऱ्हायला. ती उतरली की थांबल माज्यापाशी."

हैबतीने तिच्या पायांवर डोके ठेवले. "आये, देवी गेली गावात. मला उतार येत नाही. मी शिकलोच नाही."

ते चार शब्द आता त्याच्या तोंडून निघाले. ऐकणारी एकटी आई होती.  तिने ओटीतले तांदूळ चाचपून बाजूला ठेवले आणि हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तरी म्हनलं," ती पुटपुटली, "माजं लेकरू इतकं वरवर का चाललंय."

पुढचा चैत्र तिने पाहिला नाही. जे साचले होते ते तिच्याबरोबरच गेले. तिच्या नावाचा दगड हैबतीने स्वतः धच्या चौथऱ्यावर, दामोबुवांच्या दगडाशेजारी मांडला. राजाकडून दोनदा बोलावणे आले. तो गेला नाही. रेच्या चौथऱ्यावर झोपडी घालून राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांना उतार कसा होता ते विचारत राहिला. कुणी एक तुकडा गुणगुणे, कुणी दुसरा. तुकडे जुळत नसत. ज्यांना थोडे आठवत होते तीही माणसे मग एकामागून एक वर धच्या चौथऱ्यावर गेली.

त्याचे नाव ऐकून लांबून तरुण पोरे येत. म्हणत, बुवा, चढ द्या. तो म्हणे, "आधी इथं या माणसांत बसा." पोरे दोन दिवस बसत आणि निघून जात. त्यांना कसे अडवावे हे त्याला कळत नसे. त्यालाही कुणी अडवू शकले नव्हते.

आता त्याचेही गुडघे गेले आहेत. चैत्रात तो आईच्या जागेवर हात जोडून बसतो. सकाळी देवी त्याला ओलांडून वर जाते. दिवस कलला की भोई मान खाली घालून, मुक्यानेच उतरतात आणि त्याच्यासमोरून देवीला घेऊन जातात. तो कान देऊन ऐकत राहतो. पावलांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

तात्पर्य: वर जाताना काहींना ओलांडून जावेच लागते, पण परत येताना त्यांच्यापाशी थांबायला जो वेळीच शिकत नाही, तो कितीही उंच गेला तरी घरी पोचत नाही.